माझ्या वाट्याची भिंत

उन्हाळ्यात दुपारी जेवून जरा लवंडले, की डोळा लागायच्या आधी मला अजून सासरचं ते मधघर, म्हणजे मधली खोली, दिसतं. धाब्याचं घर होतं. वर मातीचं सपाट छत, पांढऱ्या मातीच्या हातभर जाडीच्या भिंती, आणि खिडकी नावाला एकसुद्धा नाही. उजेडासाठी छतात एक साणं होतं, म्हणजे वीतभर भोक. पाऊस आला की त्यावर मडकं पालथं घालायचे. सूर्य डोक्यावर आला की त्या साण्यातून उन्हाचा एक दांडा सरळ खाली उतरायचा. आधी सारवलेल्या जमिनीवर एक गोल पडायचा, मग तो सरकत सरकत भिंतीपाशी जायचा आणि भिंत चढू लागायचा. भिंतीवर माझी पितळेची भांडी होती. ऊन घंगाळापर्यंत पोहोचलं की सगळं मधघर पिवळं होऊन जायचं. धान्याच्या कोठ्या पिवळ्या, जातं पिवळं, कोपऱ्यातली कपाशीची रास पिवळी, माझे स्वतःचे हात पिवळे. मी काम टाकून बघत बसायची. कोणी हाक मारली तर ऐकू यायची, पण फार दुरून, नदीच्या पलीकडून कोणी दुसऱ्याच कोणाला बोलावतंय अशी.

आमच्या शेजारच्या नव्या सुनेला मी हे सांगते तेव्हा ती हसते. हसू दे. तिच्या भिंतीला मशीननं भोक पाडतात, त्यात प्लास्टिकचा गट्टू बसवतात, वर स्क्रू पिळतात, की झालं. काय वाटेल ते टांगा. खोटं कशाला बोलू, मलाही ते बघायला आवडतं. पण मातीच्या भिंतीवर जड वस्तू टांगणं हा आमच्या काळी पोरखेळ नव्हता. साधा खिळा ठोकला तर कंदिलाच्या ओझ्यानंही तो मान टाकायचा. आणि माझं घंगाळ असं होतं, की रिकामं उचलायचं तरी आधी कमरेवर हात ठेवून उभं राहावं लागे.

त्यासाठी आमच्या तापीकाठच्या लोकांत मेखा असायच्या. लोहाराकडून खास घडवून घेतलेल्या, हातभर लांब, चौकोनी अंगाच्या, रुपयाएवढ्या डोक्याच्या लोखंडी मेखा. लग्नात त्या नवरीच्या सामानासोबत गाठोड्यात बांधून यायच्या. नवरी घरात आली की सासू तिला मधघरातली एक भिंत द्यायची. त्या भिंतीत माहेरच्या मेखा ठोकायच्या, मेखांवर सागाची फळी ठेवायची, फळीवर हंडे, कळशा, गडवे मांडायचे, आणि खाली मेखेच्या डोक्याला कडी अडकवून घंगाळ आणि परात टांगायची. जिची भांडी भिंतीवर, ती बाई त्या घरातली. मग तिला कोणी काही बोलो, भांडो, उपाशी ठेवो, ती घरातलीच. आणि एखादीला परत पाठवायचं ठरलं, तर पहिल्यांदा तिच्या मेखा उपटायचे.

हे मला कोणी समजावून सांगितलं नव्हतं. आमच्या घराला लागूनच, एकाच ओट्यावर, माझ्या चुलतसासूंचं घर होतं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले, तर त्यांच्या मधघरात एका भिंतीवर नुसतीच लिंपलेली भोकं. लिंपण ताजं होतं, भिंतीपेक्षा रंगानं वेगळं. त्यांच्या थोरल्या मुलाची पहिली बायको तिथे भांडी मांडत होती. आता दुसरी सून होती, आणि तिची भांडी समोरच्या भिंतीवर होती. त्या पहिलीचं काय चुकलं ते मी विचारलं नाही. तिचा विषय निघाला की बायका एकदम कापसाच्या भावाविषयी बोलायला लागायच्या.

माझी आई मी लहान असतानाच गेली. मला आबांनी वाढवलं, म्हणजे माझ्या वडिलांनी. आमचं गाव तापीच्या उत्तरेला, सासर दक्षिणेला, रनाळ्याच्या बाजूला. मध्ये नदी. माझं लग्न ठरलं तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतं कुठे झालं होतं, आणि आबांना राज्याचं काही नव्हतं, मुलगी नदीपलीकडे द्यायची याचंच भारी वाटत होतं. "कोना घर दी ऱ्हायनू मी, काय म्हाईत," असं स्वतःशीच पुटपुटत ते बैलांना पाणी दाखवायचे. कोणाच्या घरी मुलगी देतोय, ही चौकशी त्यांनी हजारदा केली होती. पण बिनआईच्या पोरीच्या बापाचं चौकशीनं कुठे भागतं?

लग्नाची तयारी त्यांनी एकट्यानं केली. सागाची फळी आणायला खांडबाऱ्याच्या बाजाराला गेले, कारण चांगला साग तिकडच्या जंगलातला. फळी आगगाडीच्या डब्यात आडवी मावेना आणि उभी केली तर छताला टेके. मग खांडबाऱ्यापासून नंदुरबारपर्यंत आबा ती तिरपी धरून दारात उभे राहिले, आणि चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले, "आंडेरना लगननी फळी शे भाऊ, जरा सरका." आंडेर म्हणजे मुलगी. घरी आले तेव्हा खांदा सोललेला होता आणि चेहरा असा, जणू डब्यातल्या सगळ्यांना लग्नाचं आवतण देऊन आलेत.

हळदीचा दिवस मला स्वप्नासारखा आठवतो. आत्या, चुलत्या त्याच सकाळी आल्या होत्या, गाणी म्हणून, मला हळद लावून स्वयंपाकाकडे गेल्या. मी अंगणात निंबाखाली अंग वाळवत बसले होते. माघाचं कोवळं ऊन होतं, वरून निंबाची पिकली पानं गळत होती आणि माझ्या ओल्या पिवळ्या हातांना चिकटत होती. समोर आबा पोत्यावर मेखा मांडून बसले होते. माझ्या हळदीची उरलेली वाटी त्यांनी उचलून आणली होती, तिळाच्या तेलात कालवलेली. त्यात चिंधी बुडवून ते एकेक मेख चोळत होते, डोक्यापासून टोकापर्यंत, अगदी सावकाश.

"आबा, मेखास्ले तेल कसाले?" मी विचारलं.

"लोखंड शे, पोरी. तेल नही लायं ते गंज खाई टाकस," ते म्हणाले. मग मान वर न करता म्हणाले, "नी तुले हळद लागनी, त्यास्ले नको का? तुन्हासंगेच जाई ऱ्हायन्यात त्या."

आमच्या घरात सगळ्या लोखंडाला तेल लागायचं. नांगराचा फाळ, कोयते, विळे, गाडीचा आस. दुसऱ्याच्या औतावर गंज दिसला की आबा त्या माणसाशी सोयरीकसुद्धा करायचे नाहीत. मी त्यांच्याकडे बघत बसले होते. ऊन, हळदीचा वास, चिंधीचा मऊ आवाज. मला वाटलं होतं, असंच बसून राहावं आणि लग्न बिग्न काही होऊच नये. मेखा पिवळ्याधमक झाल्या तेव्हा त्यांनी त्या धडप्यात गुंडाळून गाठोडं घट्ट बांधलं.

सासरी घर सासूबाईंचं होतं. सासरे वारले होते, शेती माझे यजमान बघत, पण शब्द चालायचा सासूबाईंचा. सगळे त्यांना जीजी म्हणत, म्हणून मीही जीजी म्हणू लागले. उंच, काटक बाई. बोलणं इतकं कमी, की मला वाटायचं तोंडातून शब्द काढला तर हिचा एखादा दात पडत असेल. गावात त्यांच्या स्वयंपाकघराचा, त्यांच्या सारवणाचा, त्यांच्या लोणच्याच्या बरण्यांचा दाखला देत. त्यांच्या हातून कधी काही चुकलं असं कोणी ऐकलं नव्हतं, आणि हे त्यांनाही माहीत होतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्या मधघरात गेल्या. तिन्ही भिंतींना तळवा लावून पाहिला, जसा ताप बघायला कपाळाला हात लावतो, आणि उजव्या भिंतीपाशी थांबल्या. "हाई तुन्ही भित," एवढंच म्हणाल्या.

यजमानांनी पहारीनं भोकं पाडली, आत जाताना खाली उतरती, म्हणजे मेखेचं तोंड वर राहावं. भोकांत चुना, गुळाचं पाणी आणि अंबाडीचे तंतू कालवून भरले. मी गाठोडं सोडलं आणि एकेक मेख हातात देत गेले. जमलेल्या बायका म्हणाल्या, अगं बाई, मेखांनाही हळद लावलीय, किती हौस! मला आबांचा अभिमान वाटला. जीजी तेव्हा चुलीपाशी होत्या. चुना सुकू दिला, फळी चढली, भांडी चढली, आणि माझी भिंत झाली.

फाल्गुन कसा गेला मला सांगता येणार नाही. सकाळी पाणी, जातं, भाकरी. दुपारी शेतावर भाकरी घेऊन जाणं. आणि त्या सगळ्याच्या मधोमध ते साण्यातलं ऊन. यजमान लाजाळू होते. चारचौघांत माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, पण शेतातून येताना पागोट्यात एखादी कैरी लपवून आणायचे आणि पाटा-वरवंट्याशेजारी ठेवून निघून जायचे. मला ते घर आवडायला लागलं होतं. जीजींचं न बोलणंसुद्धा आवडायला लागलं होतं; त्यांच्या शेजारी बसून तूर निवडताना वाटायचं, आपण दोघी एकाच पाण्यात पाय सोडून बसलो आहोत. मला तिथेच राहायचं होतं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, पण आज सांगते, मला दुसरं काही नको होतं.

आणि चैत्रात एका दुपारी फळी पडली.

मी गोठ्यात होते. आधी एक लांब कुरकुर ऐकू आली, मग घंगाळ पडलं, मग सगळंच. धाब्यावरची कबुतरं भर्रकन उडाली. धावत आत गेले तर मधघरात धूळच धूळ, आणि त्या धुळीत उन्हाचा दांडा उभा होता, इतका स्पष्ट की धरून चढावं. हंडे लोळत होते, एक कळशी अजून गोल गोल फिरत होती. मेखा भिंतीतून निसटून बाहेर आल्या होत्या, अलगद, जशी शेंगेतून बी निघते. कोणाला लागलं नव्हतं. घंगाळाला एक पोचा पडला, तेवढंच.

पहिल्या आल्या त्या चुलतसासू. त्यांना आमच्याकडे मांजर जरी शिंकलं तरी ऐकू यायचं. दारातच त्यांनी छातीवर हात मारला.

"भितनी धरी नही वं! वहूनी मेख भितनी धरी नही!"

वहू म्हणजे सून. मग त्या बसल्या आणि जमत गेलेल्या बायकांना सांगत राहिल्या. त्यांच्या मेखा त्यांच्या आईनं महिनाभर मिठाच्या पाण्यात मुरवल्या होत्या. लाल झाल्या होत्या, खरखरीत झाल्या होत्या. त्या ठोकल्या त्या दिवसापासून जागच्या हललेल्या नाहीत. "आते हत्ती टांगा!" प्रत्येक आई लेकीच्या मेखा मुरवतेच, लोणचं मुरवावं तशा. गंज चढला की मेख मातीला आणि चुन्याला धरून बसते, बैल जुंपले तरी निघत नाही. "मेखा ते बठ्ठ्यास्न्याच मुरायेल ऱ्हातस," त्या म्हणाल्या. "मंग पडनी कशी? भितलेच ती नको व्हती, आनखी काय!"

मी एका कोपऱ्यात उभी होते आणि हे सगळं आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मेखा मुरवायच्या असतात हे मला माहीत नव्हतं. मला कोण सांगणार? हे आया करतात, घरातल्या एखाद्या निवांत कोपऱ्यात, पुरुषांना त्याचा पत्ताही नसतो. आमच्या घरात आई नव्हती. आबांनी त्यांना ठाऊक होतं तेच केलं होतं, लोखंडाला तेल लावलं होतं. आणि आत्या-चुलत्या गाठोडं बांधलेलं पाहून धरून चालल्या असतील, की ते काम झालं. इथल्या बायकांनी हळद पाहिली होती, पण ती गंजावरून हौसेनं लावली असं त्यांना वाटलं असेल.

तोंड उघडलं असतं तर भिंतीवरचा आणि माझ्यावरचा डाग तिथल्या तिथे पुसला गेला असता. मेखा मुरवलेल्याच नव्हत्या, तेल लावलेल्या होत्या, बस्स. पण मग हसं आबांचं झालं असतं. बिनआईची पोर केली, बापाला एवढंसुद्धा कळलं नाही, लोखंडाला हळद लावत बसला. नदीच्या दोन्ही तीरांना ही गोष्ट पुरली असती. दुसऱ्याच्या गंजावर बोट ठेवणारा माणूस तो. मी दात घट्ट आवळले. मला अपशकुनी म्हटलेलं चालेल, आबांना कोणी हसलेलं चालणार नाही, असं मी ठरवून टाकलं.

"अखाजीले बाप येई," चुलतसासू शेवटी म्हणाल्या. "भांडा बांधी ठेवा नी पोरले संगेच धाडी द्या. मंग दखू."

त्या 'मग बघू'चा अर्थ मला कळत होता. त्यांच्या भिंतीवरचं ताजं लिंपण मी पाहिलं होतं.

जीजी पुढे आल्या. त्यांनी खाली वाकून एक मेख उचलली, बोटानं चाचपली, नाकाशी नेली आणि पदरात गुंडाळून आपल्याजवळ ठेवून दिली. मग म्हणाल्या, "अखाजी येवू द्या."

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या सणाला सासरच्या मुली माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आंबे आणि पुरणाचे मांडे खातात. बाकीच्या पोरी त्या सणाची वाट बघत होत्या, मी मात्र तो येऊच नये म्हणत होते. भांडी पोत्यांत बांधून कोपऱ्यात ठेवली गेली. ती कोणी बांधायला सांगितली ते माहीत नाही, पण मीच बांधली. दुपारी ऊन यायचं आणि रिकाम्या भिंतीवर चढायचं, त्या भोकांवरून. काही दिवसांनी मला असं वाटू लागलं, की मी इथे नाहीच, ही कोणा दुसरीची गोष्ट आहे आणि मी ती माहेरच्या निंबाखाली पडल्या पडल्या ऐकते आहे. यजमान तोंडात मिठाची गुळणी धरून हिंडत होते. कैरी मात्र एक दिवसही चुकली नाही. एकदा ती मी चिडून गोठ्यात फेकून दिली, आणि मग जाऊन शोधून आणली.

अखाजीच्या आदल्या दिवशी आबा आले. नवं धोतर, बैलांच्या शिंगांना रंग, गाडीत माझ्यासाठी गादी घातलेली. अंगणातूनच त्यांनी मोठ्यानं विचारलं, तयार झालीस का? मग मधघराच्या उंबऱ्यावर येऊन थांबले. भिंत बघितली. कोपऱ्यातली पोती बघितली. एवढ्या वेळात त्यांचा चेहरा कसा उतरला हे मी बघितलं आणि मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

चुलतसासू आधीच येऊन बसल्या होत्या, दोन-चार बायकांना घेऊन. जीजींनी चहा ठेवला होता. आबा भिंतीला टेकून बसले, कप हातात घेतला, पण ओठाला लावला नाही.

"याही, भित दखी का?" चुलतसासू म्हणाल्या. याही म्हणजे व्याही. "तुम्हनी आंडेरनी भांडा खाले उनात. मेखा कोनी मुरायात?"

"मुरायात म्हंजे?" आबांनी विचारलं.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीनं पदर तोंडाला लावला. आबांनी सगळ्यांचे चेहरे बघितले आणि त्यांना कळलं, की इथे काहीतरी असं आहे जे सगळ्या जगाला माहीत आहे आणि फक्त त्यांना माहीत नाही. तरी ते सरळ माणूस. जे केलं ते सांगायला त्यांनी कप खाली ठेवला.

"मी ते मेखास्ले..."

"तेल मी लायं," जीजी म्हणाल्या.

त्या चुलीपाशी उभ्या होत्या, हातात चहाची गाळणी. पदराखालून काढून त्यांनी ती मेख सगळ्यांसमोर जमिनीवर ठेवली. तिच्यावर अजून हळदीचा पिवळा थर होता.

"वहू उनी तव्हय गाठोडं मीच सोडं," त्या म्हणाल्या. "मेखा लालभडक व्हत्यात. माले वाटनं गंज चढना. नव्वी वहूनं सामान, असं कसं लावानं? राख लायीसन घशात, नी हळद-तेल लायं."

इतकी वाक्यं मी त्यांच्या तोंडून एका वेळी कधी ऐकली नव्हती. आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. गाठोडं मी सोडलं होतं. तेव्हा त्या चुलीपाशी होत्या, आणि हे तिथे बसलेल्या दोघींनी तरी पाहिलं होतं. पण जीजी खोटं बोलतील असं त्यांच्या मनात यायला त्या गावात दुसरा जन्म घ्यावा लागला असता.

चुलतसासूंना आधी खरंच वाटेना. मग हळूहळू त्यांचा चेहरा फुलला. अशी संधी त्यांना उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. "तुले इतलंबी म्हाईत नही का वं?" त्या म्हणाल्या. "केस पिकनात तुन्हा!"

"भुली गऊ," जीजी म्हणाल्या. "मन्हीच चूक. पोरनी काय चूक?"

बायका हसल्या. आधी दबून, मग मोकळ्या. पुढे कित्येक दिवस पाणवठ्यावर तेच चाललं होतं म्हणे, जीजींनी मेखा घासल्या, जीजींनी मेखा घासल्या. त्या खाली मान घालून कप विसळत राहिल्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. मला त्या क्षणी त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं, आणि तसं केलं तर सगळं फुटेल म्हणून मी जागची हलले नाही.

आबा तोंड अर्धं उघडून बसले होते. त्यांनी पुन्हा बोलायचा प्रयत्न केला.

"याहीन, पण ते तेल..."

"च्या ल्या, याही," जीजी म्हणाल्या. "थंडा व्हई ऱ्हायना." आणि आबांनी चहा घेतला.

मग जीजींनी ठरलेलं सांगून टाकलं. "आंडेरले अखाजीले ली जा. मेखा आठेच ऱ्हातीन. ती येस तवलोंग मी मुराडसू." ती परत येईपर्यंत मी मेखा मुरवून ठेवते, एवढंच. परत येणार की नाही हा प्रश्नच त्या बोलण्यात नव्हता. चुलतसासूंनाही तो आता विचारता येईना. त्या हसून घेण्यात गुंतल्या होत्या. "मीठ आन वं," जीजी मला म्हणाल्या. मी मडक्यात पाणी भरलं, मीठ घातलं, आणि मेखा एकेक करून आत सोडल्या. पाण्यावर हळदीचा तवंग आला. भांड्यांची पोती गाडीत चढली नाहीत.

निघालो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. आबा बैलांना नुसता जिभेचा आवाज देत होते. वाटेत केळीच्या बागा गेल्या, उसाची शेतं गेली, कुठेतरी पोरींनी वडाला झोका बांधला होता आणि त्यांचं गाणं तुटक तुटक कानावर येत होतं. मी गादीवर आडवी झाले. वरचं आभाळ हलत होतं. मला झोप लागत होती आणि लागत नव्हती.

वैशाखात तापीला पाणी ते कितीसं. गाडी उतारातून पाण्यात शिरली, चाकं निम्मी बुडाली, आणि मध्यावर आबांनी बैल थांबवले. बैल पाणी प्यायला लागले. सगळी नदी उन्हानं चकाकत होती. मी उठून बसले.

"मेखा लाल नव्हत्यात, पोरी," आबा पाण्याकडे बघत म्हणाले.

"नही, आबा."

"पिवळ्या व्हत्यात. मीच लायेल व्हतं तेल."

ते गाडीतून खाली उतरले, गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि ओंजळीनं तोंडावर पाणी मारायला लागले. कितीतरी वेळ मारत होते. बैलांचं पिऊन झालं, त्यांनी माना वर केल्या, तरी आबांचं तोंड धुणं संपेना. शेवटी पागोट्याच्या शेवानं चेहरा पुसून ते गाडीच्या दांडीला धरून उभे राहिले. डोळे लाल झाले होते, पण चेहरा लग्न ठरल्यापासून मी पाहिला नव्हता इतका निवांत होता.

"बरं झायं चुकनू मी," ते म्हणाले. "नही ते कोना घर दिधी तुले, हाई माले कसं समजतं?"